सर्वात मोठा पराभव कोणता? तिन्ही टीम बरोबर, प्रश्न अर्धा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: २६ जानेवारीला नागपूरच्या प्रतापनगरातल्या तुमच्या कॉलनीत तुम्ही क्रिकेटची प्रश्नमंजूषा घेतली. प्रश्न होता, 'कसोटीत भारताचा सर्वात मोठा पराभव कोणता?' तुमच्या कार्डावर उत्तर होतं नागपूर, २००४, ऑस्ट्रेलियाकडून ३४२ धावांनी. एका टीमने सांगितलं कोलकाता, वेस्ट इंडीजकडून एक डाव आणि ३३६ धावांनी. दुसरी म्हणाली गुवाहाटी. तिसरीने कार्डावरचंच उत्तर दिलं आणि पॉइंट नेला. मग भांडण झालं आणि तर्री-पोहे थंड झाले. आता तुम्हाला खरं उत्तर हवंय, आणि पुढच्या वर्षासाठी भारताच्या कसोटी विक्रमांची यादी कशी बनवायची तेही हवंय.

मी स्कोअरर आहे. सत्तावीस वर्षं मैदानाच्या कडेला टेबल मांडून चेंडू चेंडू लिहिला, बहुतेक क्लबच्या आणि वयोगटांच्या मॅचेस. कसोटीला मात्र मी कायम प्रेक्षकच. त्यामुळे मी सांगतो ते एका वहीवाल्याचं मत समजा.

आधी निकाल. तिन्ही टीम आपापल्या परीने बरोबर होत्या, फक्त तुमचं कार्ड शिळं होतं आणि प्रश्न अर्धा होता. धावांच्या फरकाने भारताचा सर्वात मोठा पराभव नोव्हेंबर २०२५ पर्यंत नागपूरचाच होता. त्या महिन्यात गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेने ४०८ धावांनी हरवलं आणि नागपूर मागे पडलं. डावाच्या फरकाने मात्र १९५८-५९च्या मोसमातली कोलकात्याची कसोटी अजून पहिल्या जागेवर आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी राहिल्या: कोणत्या रकान्यातला, आणि कोणत्या तारखेपर्यंतचा.

रकान्याचं जरा खोलात जाऊन सांगतो, कारण भांडण तिथेच असतं. कोलकात्याला वेस्ट इंडीजने ५ बाद ६१४वर डाव सोडला. भारत १२४ आणि १५४. दोन्ही मिळून २७८. ६१४मधून २७८ वजा करा, ३३६ उरतात. इथे वेस्ट इंडीज एकदाच खेळले. आता गुवाहाटी: आफ्रिका ४८९ आणि ५ बाद २६०, भारत २०१ आणि १४०. चारही डाव झाले. ७४९मधून ३४१ गेले, ४०८ उरले. लोक म्हणतात ४०८ मोठे की ३३६, सांगा. अहो, पण कोलकात्याच्या ३३६मध्ये वेस्ट इंडीजचा दुसरा डाव झालाच नाही! तो झाला असता तर त्यातल्या धावा या ३३६वर चढल्या असत्या. हे दोन आकडे एका तराजूत टाकताच येत नाहीत, आणि म्हणून कुठल्याही बऱ्या नोंदवहीत त्यांचे दोन वेगळे तक्ते असतात.

यात एक गंमत आहे. गुवाहाटीला पहिल्या डावानंतर आफ्रिकेकडे २८८ धावांची आघाडी होती. पाच दिवसांच्या कसोटीत २०० किंवा त्याहून जास्त आघाडी असली की फॉलोऑन देता येतो, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा बॅटिंगला लावता येतं. आफ्रिकेचा कर्णधार बवुमाने दिला नाही, पुन्हा बॅटिंग घेतली. नागपूरला २००४ मध्येही तेच. ऑस्ट्रेलिया ३९८, भारत १८५, आघाडी २१३. फॉलोऑन देता येत होता, त्यांचा कर्णधार गिलख्रिस्टने दिला नाही. ५ बाद ३२९वर डाव सोडला आणि भारताला २००मध्ये गुंडाळलं. दोन्ही वेळेला फॉलोऑन दिला असता तर पराभव कदाचित दुसऱ्याच तक्त्यात गेला असता, आणि हे दोन्ही विक्रम जन्मालाच आले नसते. म्हणजे धावांच्या फरकाच्या विक्रमात हरणाऱ्याचं खराब खेळणं जितकं असतं तितकाच जिंकणाऱ्या कर्णधाराचा सावधपणा असतो. हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नसतं.

आणखी एक योगायोग: दोन्ही सामन्यांत भारताचा नेहमीचा कर्णधार नव्हता. नागपूरला गांगुली सकाळीच बाहेर झाला आणि द्रविड टॉसला गेला. गुवाहाटीला गिल जखमी, पंत कर्णधार. नागपूरच्या त्या चार दिवसांपैकी पहिल्या तीन दिवशी मी सिव्हिल लाइन्सच्या जुन्या स्टेडियममध्ये होतो. विकेटवरचं हिरवं गवत अजून डोळ्यांपुढून जात नाही. नागपूरकर घरच्या मैदानावर फिरकीची वाट बघत बसले होते, आणि गिलेस्पीने दोन्ही डावांत मिळून ८० धावांत ९ बळी घेतले. मार्टिन ११४ आणि ९७. तेव्हा डब्यातल्या पोळ्यासुद्धा कोणी नीट खाल्ल्या नाहीत.

विजयांचंही हेच. भारताचा धावांनी सर्वात मोठा विजय राजकोट, फेब्रुवारी २०२४, इंग्लंडवर ४३४ धावांनी. डावाने सर्वात मोठा विजयही राजकोटचाच, ऑक्टोबर २०१८, वेस्ट इंडीजवर एक डाव आणि २७२ धावांनी. गाव एक, रकाने दोन. तुमच्या पुढच्या क्विझमध्ये कोणीतरी 'राजकोट' म्हणेल आणि अर्धवट उत्तरावर पॉइंट मागेल, तर देऊ नका. सापळा हवाच असेल तर ३३६ घ्या. हा आकडा कोलकात्याच्या पराभवात आहे, आणि जुलै २०२५ मध्ये भारताने एजबॅस्टनला इंग्लंडवर मिळवलेला विजयही ३३६ धावांचाच, भारताबाहेरचा आपला धावांनी सर्वात मोठा. प्रश्न नीट न ऐकणारा तिथेच पडतो.

'रकाना, रकाना' मी इतकं का करतो त्याचं कारण माझीच एक चूक आहे. बरीच वर्षं झाली, एका क्लब स्पर्धेत मी लिहीत होतो. एका पोराच्या पॅडला लागून चेंडू फाइन लेगला गेला, एक धाव. अंपायरने पाय वर घेऊन गुडघ्यावर हात मारला, लेगबायची खूण, म्हणजे बॅटने न काढलेली, अवांतरात जाणारी धाव. मी त्या क्षणी खाली बघून षटकाची बेरीज मांडत होतो. ती धाव मी बॅट्समनच्या खात्यात टाकली. पुढे तो माझ्या वहीत ५० झाला आणि बाद झाला. दुसऱ्या स्कोअररच्या वहीत तो ४९. त्या स्पर्धेत अर्धशतकाला छोटं बक्षीस होतं. पोराचे काका आले, प्रतिस्पर्धी संघाचा मॅनेजर आला.

मी ताठ मानेने म्हणालो, माझी बेरीज जुळते, तपासा. आणि ती जुळत होती! आम्ही स्कोअरर दोन बाजूंनी बेरीज करतो. बॅट्समनच्या धावा अधिक अवांतर म्हणजे एकूण धावा. दुसरीकडून बॉलरच्या खात्यातल्या धावा अधिक बाय, लेगबाय म्हणजे पुन्हा एकूण धावा. बॅटची धाव बॉलरच्या खात्यावर चढते, लेगबाय चढत नाही. मी ती एक धाव बॅट्समनला दिली तेव्हा बॉलरलाही दिली आणि अवांतरमधून काढली. दोन्ही बाजू समान हलल्या, म्हणून एकूण आकडा तोच राहिला. बेरीज अचूक, नोंद चुकीची. शेवटी अंपायरला विचारलं, त्याने लेगबाय सांगितलं, पोराचं बक्षीस गेलं. काका वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून कोणी आकडा सांगितला की मी आधी विचारतो, हा कुठल्या खात्यातला?

तुमच्या यादीत हे खात्याचं भूत आणखी एका ठिकाणी बसलेलं असेल, राहुल द्रविडच्या धावांमध्ये. कुठे १३,२८८ दिसतील, कुठे १३,२६५. दोन्ही बरोबर. २००५ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध जो विश्व एकादश संघ खेळला, त्या सामन्याला कसोटीचा दर्जा आहे आणि द्रविडच्या त्यात २३ धावा आहेत. त्याच्या कारकिर्दीत त्या धरायच्या, भारताच्या विक्रमात नाही. सेहवागचंही तसंच: कारकीर्द ८,५८६, भारतासाठी ८,५०३, मधल्या ८३ त्याच सामन्यातल्या. प्रश्न 'भारतीय खेळाडूच्या' असा लिहिला तर एक उत्तर, 'भारतासाठी' लिहिला तर दुसरं. सचिनचं बरं आहे. १५,९२१ धावा, २०० कसोटी, ५१ शतकं, सगळं भारतासाठी. तिथे वादच नाही.

आता तारखेकडे येतो. नागपूरकरांनी तर हे मनावरच घ्यावं, कारण आपल्या गावाचे विक्रम फार टिकत नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये जामठ्याला, आपल्या नव्या स्टेडियममध्ये, श्रीलंकेवर एक डाव आणि २३९ धावांनी विजय मिळाला. कोहली २१३, विजय, पुजारा, रोहित यांचीही शतकं. डावाच्या फरकात तो तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरीचा होता, २००७ मध्ये मीरपूरला बांगलादेशवर मिळवलेल्या विजयाएवढाच. सात महिनेही झाले नाहीत आणि जून २०१८ मध्ये बंगळुरूला अफगाणिस्तानवर डाव आणि २६२. चारच महिन्यांनी राजकोटचे २७२. कोणाच्या वहीत अजून नागपूर असेल तर तो खोटारडा नाही, त्याची वही २०१७ची आहे एवढंच. याउलट विनू मांकड आणि पंकज रॉय यांची ४१३ धावांची सलामीची भागीदारी, मद्रास, जानेवारी १९५६, न्यूझीलंडविरुद्ध: जगातली सर्वोच्च सलामी म्हणून ती २००८ पर्यंत टिकली. २००६ मध्ये लाहोरला सेहवाग आणि द्रविड ४१०पर्यंत पोहोचले होते. तीन धावा मागे राहिले. त्या संध्याकाळी आमच्या घरी वडिलांनी मांकडची बाजू घेतली होती.

म्हणून माझा पहिला सल्ला, तोही साधा: क्विझसाठी 'सर्वात' असलेले प्रश्न कमी ठेवा, 'पहिला' असलेले जास्त. पहिला एकदा झाला की झाला, तो मोडत नाही. भारताची पहिली कसोटी २५ जून १९३२, लॉर्ड्स. कर्णधार सी. के. नायडू, जन्म नागपूरचा. पहिला विजय फेब्रुवारी १९५२, मद्रास, इंग्लंडवर डाव आणि ८ धावांनी, मांकडचे सामन्यात १०८ धावांत १२ बळी. परदेशातला पहिला विजय १९६८, डुनेडिन, कर्णधार पतौडी. नागपुरातली पहिली कसोटी ऑक्टोबर १९६९, आणि ती आपण न्यूझीलंडकडून १६७ धावांनी हरलो. न्यूझीलंडचा तो भारतातला पहिला विजय. पाहुण्यांना आपण असे मोकळ्या हाताने देतो.

पण 'पहिला' म्हणताना पुन्हा खातं विचाराच. 'नागपूरचा पहिला कसोटीपटू कोण' विचारलंत तर एक जण नायडू म्हणेल, दुसरा उमेश यादव. नायडूंचा जन्म इथला, विदर्भाकडून खेळून कसोटी संघात पोहोचलेला पहिला मात्र उमेश, २०११. 'जन्माने' की 'विदर्भाच्या संघातून', हे कार्डावर लिहिलंत की वाद मिटला.

नीचांकाचा प्रश्न ठेवायचा असेल तर ठेवा, लोकांना आवडतो. भारताचा सर्वात कमी डाव ३६, ॲडलेड, डिसेंबर २०२०. त्याआधी ४२, लॉर्ड्स, १९७४. मायदेशातला सर्वात कमी ४६, बंगळुरू, ऑक्टोबर २०२४, न्यूझीलंडविरुद्ध. इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला स्कोअरर म्हणून फार आवडते: ३६ आणि ४२ या दोन्ही डावांत नऊच गडी बाद झाले. ॲडलेडला शमीला हाताला लागलं आणि तो डाव अर्धवट सोडून मैदानाबाहेर गेला, लॉर्ड्सला चंद्रशेखर जखमी असल्याने आलाच नाही. तरी डाव 'संपला' असंच धरतात, कारण पुढे खेळायला कोणी उरलं नव्हतं. उच्चांकात उलट: ७ बाद ७५९, चेन्नई, डिसेंबर २०१६, डाव घोषित. तीन गडी हातात ठेवून सोडलेला डावही तक्त्यात तसाच बसतो. 'दहा गडी बाद होऊन' अशी अट तुम्ही घातलीत तर ४६ सोडून बाकी आकड्यांची उत्तरं बदलतील.

मायदेशातल्या सलग १८ मालिका विजयांचा प्रश्नही कार्डात असणार. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियापासून सुरू, २०२४ मध्ये बांगलादेशपर्यंत. मग न्यूझीलंडने ३-० केलं. या १८मध्ये एकेक कसोटीच्या दोन 'मालिका' आहेत, २०१७ची बांगलादेशविरुद्धची आणि २०१८ची अफगाणिस्तानविरुद्धची. एका सामन्याला मालिका म्हणायचं का, यावर तुमच्याकडे कोणी काका वाद घालतीलच. तक्त्यात धरतात, म्हणून तुम्हीही धरा. या सगळ्याच्या आधी मायदेशात हरलेली शेवटची मालिका कुठे संपली माहीत आहे? जामठ्याला, डिसेंबर २०१२. इंग्लंडने पाच दिवस सामना घट्ट धरून अनिर्णित सोडवला आणि मालिका २-१ नेली. धोनी ९९वर धावबाद. इतका संथ सामना मी आयुष्यात पाहिला नाही, पण जडेजा आणि रूट दोघांचंही पदार्पण त्यातच झालं.

बॉलिंगचं थोडक्यात, कारण तिथे घोळ कमी आहे. सर्वाधिक बळी कुंबळे ६१९, त्याच्याखाली अश्विन ५३७. डावात पाच बळी जास्त वेळा मात्र अश्विनने घेतले, ३७, कुंबळेने ३५. डावात सर्वोत्तम कुंबळे ७४ धावांत १०, दिल्ली, १९९९. सामन्यात सर्वोत्तम हिरवाणी १३६ धावांत १६, मद्रास, १९८८, तेही पदार्पणात. 'डावात' आणि 'सामन्यात' हे दोन शब्द जाड अक्षरात लिहा, बास.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. कॉलनीतल्या गमतीच्या क्विझला एवढी काटेकोर यादी लागणार नाही, प्रत्येक कार्डाला एक तारीख घातली तरी पुरे. शाळेतल्या मुलांसाठी करत असाल तर आकडा देण्याऐवजी चार डावांच्या धावा द्या आणि फरक त्यांनाच काढायला लावा. गुवाहाटीचे चार आकडे मांडून ४०८ ज्याने स्वतः काढले, तो ते विसरत नाही. आणि स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी ही यादी वापरत असाल, तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती नव्याने तपासा, कारण मधे एखादी मालिका झालेली असते.

मी माझ्या वहीत प्रत्येक विक्रमापुढे चार गोष्टी लिहितो: कोणाचा (भारताचा की भारतीयाचा), कशातला (डाव, सामना, मालिका), कशाने मोजला (धावांनी की डावाने), आणि केव्हा तपासला. शेवटची गोष्ट पेन्सिलीने. तुमचं नागपूरचं कार्ड फाडू नका. त्यावर उजवीकडे 'धावांच्या फरकाने, ऑक्टोबर २००४ ते नोव्हेंबर २०२५' एवढं लिहा आणि पुढच्या वर्षी प्रश्न उलटा करा: गुवाहाटीने हा मान कोणाकडून घेतला? आपल्या गावाचं नाव तेवढ्यापुरतं तरी पुन्हा येईल.

राहिला तो एक पॉइंट. ज्या टीमने कोलकाता म्हटलं आणि ज्यांनी गुवाहाटी म्हटलं, त्या दोघांनाही द्या. कार्डावरचं उत्तर सांगणाऱ्यांकडून काढून घेऊ नका, चूक कार्डाची होती. आणि पोह्यांचे पैसे क्विझ घेणाऱ्याने भरावेत, असं माझं वैयक्तिक मत.